अग्निगोल

अग्निगोल : शुक्राइतकी किंवा त्याहून अधिक तेजस्वी दिसणारी उल्का. अवकाशातील एखादा घन पिंड प्रचंड वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरला म्हणजे आकाशात क्षणभर प्रकाशाची रेषा उमटते; तिला उल्का व बोलीभाषेत ‘तारा तुटणे’ असे म्हणतात. सामान्य उल्का वाळूच्या वा खड्याच्या आकारमानाच्या कणामुळे निर्माण होते आणि सेकंदाच्या आत विझते. पिंड काही सेंमी. किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याचा प्रकाश कित्येक सेकंद टिकतो, जमिनीवर वस्तूंच्या सावल्या पडतात व कधीकधी सारे आसमंत दिवसासारखे उजळून निघते. १०० किमी. अंतरावरून पाहिल्यास ज्या उल्केची प्रत -४ पेक्षा अधिक तेजस्वी ठरेल, तिला अग्निगोल म्हणावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप, ऋण संख्या जितकी मोठी तितके तेज अधिक). या मापाने पूर्ण चंद्राची प्रत सुमारे -१२·७ आहे. काही अग्निगोल चंद्रालाही मागे टाकतात.

सर्व पृथ्वीचा विचार केला, तर असे अग्निगोल दररोज हजारोंच्या संख्येने प्रकट होत असतात. परंतु त्यांपैकी बहुतेक महासागरांवर, निर्जन प्रदेशांवर किंवा सूर्यप्रकाशात निघून जातात. त्यामुळे एका व्यक्तीच्या वाट्याला खरोखर तेजस्वी अग्निगोल आयुष्यात मोजक्याच वेळा येतो, आणि तोही पूर्वसूचनेवाचून. दुर्बीण रोखून त्याची वाट पाहता येत नाही. या कारणाने अग्निगोलांविषयीचे ज्ञान दीर्घकाळ शेतकरी, वाटसरू, खलाशी, पहारेकरी अशा योगायोगाने तेथे असलेल्या माणसांच्या साक्षीवर उभे राहिले. ही साक्ष कितपत विश्वसनीय असते, तिच्यात कोणत्या चुका संभवतात आणि त्या कशा टाळाव्यात, हा या विषयाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

प्रकाशाची उत्पत्ती : सूर्याभोवती फिरणारे पिंड दर सेकंदास सुमारे ११ ते ७२ किमी. वेगाने वातावरणात प्रवेश करतात. दर सेकंदास २० किमी. वेग असलेल्या एक किग्रॅ. वस्तुमानाच्या पिंडाची गतिज ऊर्जा सुमारे ४८ किग्रॅ. टीएनटी या स्फोटक द्रव्याच्या ऊर्जेइतकी भरते. हा पिंड हवेशी घासून तापतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि पिंडापुढील हवेला बाजूला सरकण्यास अवसर न मिळाल्याने ती एकदम दाबली जाते आणि या संपीडनामुळे तिचे तापमान हजारो अंशांपर्यंत चढते, हे उष्णतेचे मुख्य कारण होय. पिंडाचा पृष्ठभाग वितळून व बाष्परूप होऊन झडत जातो. झडलेल्या द्रव्यातील व हवेतील अणू उत्तेजित होऊन प्रकाश देतात. निरीक्षकास दिसतो तो मुख्यत्वे या तप्त वायूंचा गोळा. प्रत्यक्ष दगड त्यामानाने फार लहान असतो.

प्रकाशास साधारणपणे १०० किमी.च्या आसपास उंचीवर आरंभ होतो. खाली येताना हवा दाट होत जाते व पिंडावरील दाब वाढतो. हा दाब पिंडाच्या बळकटीपेक्षा अधिक झाला म्हणजे पिंड फुटतो, त्याचे झडणारे क्षेत्र एकाएकी वाढते आणि लखलखाट होतो. अग्निगोल शेवटी ‘फुटला’ असे पाहणारे सांगतात, ते यामुळे. जे तुकडे उरतात त्यांचा वेग सेकंदास सुमारे ३ किमी.पर्यंत उतरला की प्रकाश विझतो. त्यानंतर ते तुकडे अंधारातून, वरून सोडलेल्या दगडाप्रमाणे, आणखी कित्येक किमी. खाली पडतात. जमिनीवर पोहोचलेल्या अशा तुकड्यास अशनी म्हणतात [⟶ अशनी]. प्रकाशमान प्रवास काही सेकंदांचाच असल्याने उष्णता दगडाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचत नाही व वरचे वितळलेले द्रव्य निवून त्याचे पातळ काळे कवच होते. पडताक्षणी अशनी धगधगत असतो ही कल्पना म्हणूनच चुकीची आहे.

सर्वच पिंड खाली येतात असे नाही. १० ऑगस्ट १९७२ रोजी भर दिवसा अमेरिकेतील उटापासून कॅनडातील अल्बर्टापर्यंत दिसलेला अग्निगोल जमिनीपासून सुमारे ५७ किमी. उंचीपर्यंत आला आणि वातावरण ओझरते छेदून पुन्हा अवकाशात निघून गेला.

रंग, मागोवा व ध्वनी : अग्निगोलाचा रंग पिंडातील मूलद्रव्यांवर, हवेतील वायूंवर व वेगावर अवलंबून असतो. सोडियमामुळे नारिंगी-पिवळा, लोहामुळे पिवळा, मॅग्नेशियमामुळे निळसर हिरवा व कॅल्शियमामुळे जांभळट प्रकाश मिळतो, तर हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांमुळे तांबूस छटा येते. मात्र मंद प्रकाशात डोळ्यास रंग नीट कळत नसल्याने एकाच अग्निगोलाविषयी दोन माणसे भिन्न रंग सांगतात व दोघेही प्रामाणिक असू शकतात. अग्निगोल विझल्यावर त्याच्या मार्गावर फिकट तेजाचा पट्टा काही सेकंद, क्वचित कित्येक मिनिटे, रेंगाळतो. वरच्या वाऱ्यांनी तो वेडावाकडा होतो. त्याच्या बदलत्या आकारावरून त्या उंचीवरील वाऱ्यांची दिशा व गती काढता येते.

पिंड ध्वनीपेक्षा कितीतरी पट वेगवान असल्याने त्याच्याभोवती आघात तरंग निर्माण होतात आणि तोफेसारखा किंवा दीर्घ गडगडाटासारखा आवाज होतो. ध्वनीला ३० किमी. अंतर तोडण्यास सुमारे दीड मिनिट लागते. म्हणून आवाज प्रकाशानंतर एक ते कित्येक मिनिटांनी ऐकू येतो. तोपर्यंत पाहणारा बहुधा घरात परतलेला असतो. हा आवाज ऐकू आला, तर पिंड बराच खाली आला होता व अशनी पडला असण्याचा संभव आहे, असे समजले जाते.

याखेरीज काही निरीक्षक अग्निगोल दिसत असतानाच फुसफुस किंवा चरचर असा आवाज ऐकल्याचे सांगतात. प्रकाशाबरोबर ध्वनी पोहोचणे अशक्य असल्याने इंग्लिश ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी १७१९ च्या अग्निगोलाविषयीचे असे वृत्तांत कल्पनेचे खेळ मानले होते. परंतु परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांकडून अशी वर्णने येतच राहिली. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील भौतिकीविज्ञ कॉलिन की यांनी अग्निगोलातून निघणाऱ्या अतिनीच कंप्रतेच्या रेडिओ तरंगांमुळे निरीक्षकाजवळच्या वस्तू कंप पावून हा आवाज निर्माण होत असावा, असे स्पष्टीकरण सुचविले. तेजातील वेगवान चढउतारांमुळे केस, पाने, कापड यांसारख्या वस्तू तापून-निवून हवेत ध्वनी उत्पन्न करतात, असे दुसरे स्पष्टीकरण २०१७ मध्ये पुढे आले. एकेकाळी भ्रम म्हणून बाजूस सारलेली साक्ष अशा रीतीने संशोधनाचा विषय झाली.

अंतराचा भ्रम : अग्निगोल पाहणाऱ्यांची सर्वांत सार्वत्रिक चूक अंतराविषयीची असते. ‘पलीकडच्या टेकडीमागे पडला’, ‘शेजारच्या गावच्या शिवारात उतरला’ असे ते खात्रीपूर्वक सांगतात. काही मीटरांपलीकडील वस्तूचे अंतर माणसाचा डोळा दोन नेत्रांच्या कोनावरून ठरवू शकत नाही. ओळखीच्या वस्तूंशी तुलना करूनच तो ते ठरवितो, आणि आकाशात अशी वस्तू नसते. ३० किमी. उंचीवर विझलेला अग्निगोल क्षितिजापासून १० अंशांवर दिसला, तर तो निरीक्षकापासून सुमारे १७० किमी. दूर असतो. ८० किमी. उंचीवरचा प्रकाश पृथ्वीच्या गोलाईचा विचार करूनही जवळजवळ १,००० किमी. अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकतो. त्यामुळे एकच अग्निगोल अनेक जिल्ह्यांतील लोक आपापल्या गावाजवळ पडल्याचे सांगतात. उंचीचा कोन आणि दिसण्याचा कालावधी हे दोन्ही प्रत्यक्षापेक्षा अधिक सांगण्याकडेही निरीक्षकांचा कल असतो.

ऐतिहासिक : प्राचीन भारतीय ग्रंथकारांनी या घटनांची वर्गवारी केलेली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर यांच्या बृहत्संहितेत उल्कांवर स्वतंत्र अध्याय असून त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् व तारा असे पाच प्रकार दिले आहेत. शकुन-अपशकुनाची दृष्टी त्यामागे असली, तरी आकार, तेज, गती व ध्वनी यांतील भेद टिपण्याइतके सूक्ष्म निरीक्षण त्यात दिसते.

यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट बहुतेक विद्वान ग्रामीण अंधश्रद्धा मानीत. हॅली यांनी १७१९ च्या अग्निगोलाचे वृत्तांत ठिकठिकाणांहून जमवून तो साठ मैलांहून अधिक उंचीवरून गेला असे गणित केले होते. तथापि अग्निगोल व दगड यांचा संबंध जोडण्याचे कार्य जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात केले. क्लाड्नी यांचे शिक्षण कायद्याचे झाले होते. निरनिराळ्या देशांतील व काळांतील साक्षी त्यांनी परस्परांशी ताडून पाहिल्या. त्यांतील एकवाक्यता पाहून अग्निगोल म्हणजे अवकाशातून आलेले घन पिंड होत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याला प्रारंभी विरोध झाला. १७९८ मध्ये गटिंगेन येथील ब्रांडेस व बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांपासून दूर अंतरावर उभे राहून त्याच उल्कांची निरीक्षणे घेतली व उल्का ढगांच्या कितीतरी वर प्रकाशतात हे दाखविले.

२६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात लेग्ल गावी अग्निगोलापाठोपाठ सुमारे ३,००० दगडांचा वर्षाव झाला. त्याच्या चौकशीसाठी झां बातीस्त ब्यो यांना पाठविण्यात आले. त्यांनी गावोगाव हिंडून भिन्न व्यवसायांच्या व भिन्न दर्जांच्या माणसांच्या साक्षी घेतल्या, पडलेल्या दगडांची विखुरण नकाशावर मांडली आणि तेथील स्थानिक खडकाशी त्या दगडांचे साम्य नाही हे दाखविले. या अहवालानंतर अशनींचे अस्तित्व विज्ञानजगताने मान्य केले.

निरीक्षण व नोंद : एका ठिकाणचे निरीक्षण केवळ दिशा देते, अंतर देत नाही. दोन किंवा अधिक ठिकाणांहून अग्निगोलाचे आरंभ व अखेर यांच्या दिशा कळल्या, तर भूमापनातील त्रिकोणन पद्धतीने अवकाशातील मार्ग निश्चित होतो. मार्ग मागे वाढविला म्हणजे पिंड कोणत्या दिशेने आला ते समजते, वेगाची जोड मिळाली की त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता येते, आणि मार्ग पुढे वाढवून वाऱ्यांचा परिणाम जमेस धरला की अशनी कोठे शोधावा ते ठरते. निरीक्षकाची नोंद उपयोगी पडते ती या गणितासाठी.

अग्निगोल दिसताच जागेवरून न हलणे हे पहिले पथ्य होय. आपण नेमके कोठे उभे आहोत, घड्याळात किती वाजले, अग्निगोल कोणत्या ताऱ्याजवळ, झाडाच्या शेंड्यावर वा घराच्या कोपऱ्यावर प्रथम दिसला व कोठे विझला, या गोष्टी लगेच लिहून ठेवाव्यात. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंशांचा कोन व्यापते. तिच्या साहाय्याने क्षितिजापासूनची उंची मोजता येते. तेजाची तुलना शुक्राशी किंवा चंद्राशी करावी. कालावधी अंदाजाने न सांगता, घडलेला प्रसंग मनात पुन्हा आणून सेकंद मोजावेत. रंग, फुटणे, मागोवा यांची नोंद करून नंतर निदान पाच मिनिटे शांत राहून आवाजाची वाट पाहावी. प्रकाश व आवाज यांमधील अवधी विशेष मोलाचा असतो. इतरांशी चर्चा करण्यापूर्वी नोंद पुरी करावी, कारण दुसऱ्याचे वर्णन ऐकल्यावर स्मृती नकळत त्यानुसार बदलते. चौकशी करणाऱ्यानेही साक्षीदारास मूळ जागी नेऊन हाताने दिशा दाखवावयास सांगावे; अंशांतील तोंडी उत्तरापेक्षा ही पद्धत अधिक अचूक ठरते. अशा नोंदी स्वीकारणाऱ्या संस्थांमध्ये १९११ पासूनची अमेरिकन मीटिऑर सोसायटी व १९८८ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन या प्रमुख आहेत.

धजाला येथील घटना : २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास गुजरातच्या मोठ्या भागातून एक दीप्तिमान अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाला गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील नरेंद्र भंडारी व त्यांचे सहकारी यांनी या घटनेचा अभ्यास केला. एकूण सुमारे ४५ किग्रॅ. वजनाचे तुकडे मिळाले. त्या वेळी या अग्निगोलाचा मार्ग टिपणारे कॅमेऱ्यांचे जाळे तेथे नव्हते. म्हणून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या वर्णनांवरून त्याच्या आगमनाची दिशा ठरविण्यात आली. दगडांमध्ये विश्वकिरणांनी उमटविलेल्या सूक्ष्म रेखांवरून पिंडाचा किती भाग वातावरणात झडून गेला याचा अंदाज घेण्यात आला व या दोहोंच्या आधारे त्याच्या कक्षेचे अनुमान १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. अवकाशातील किरणांमुळे दगडात तयार होणारी काही किरणोत्सर्गी द्रव्ये थोड्या दिवसांत क्षय पावत असल्याने पडलेला दगड जितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचेल तितकी अधिक माहिती देतो. या दृष्टीनेही गावकऱ्यांचे तत्काळ सहकार्य आवश्यक असते.

महाराष्ट्रात २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे दुपारी असाच अशनिवर्षाव झाला. त्यातील तुकड्यांत पृथ्वीच्या खोल अंतर्भागात विपुल असलेले, पण पृष्ठभागावर सहसा न आढळणारे ब्रिजमनाइट हे खनिज ओळखण्यात आल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले.

छायाचित्रण : चेकोस्लोव्हाकियात ७ एप्रिल १९५९ रोजी प्रशिब्राम येथे पडलेल्या अशनींचा अग्निगोल, सामान्य उल्कांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत दोन ठिकाणांहून टिपला गेला. झ्डेन्येक त्सेप्लेखा यांनी त्यावरून मार्ग काढला आणि सांगितलेल्या प्रदेशात अशनी सापडले. छायाचित्रांवरून कक्षा ठरविता आलेला हा पहिला अशनी होय. ती कक्षा मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती [⟶ लघुग्रह]. यानंतर यूरोप, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे कॅमेऱ्यांची जाळी उभारण्यात आली. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सूदानच्या वाळवंटावर फुटलेला पिंड तर सुमारे वीस तास आधीच दुर्बिणीतून दिसला होता. आगमनापूर्वी हेरला गेलेला तो पहिला पिंड होय. तरीही सामान्य निरीक्षकाचे महत्त्व कमी झालेले नाही. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडमध्ये दिसलेल्या अग्निगोलाची चित्रे कॅमेऱ्यांच्या जाळ्यांबरोबर घरांच्या दारांवरील कॅमेऱ्यांनीही टिपली आणि विंचकंब येथे एका घराच्या दारापुढील वाटेवर दुसऱ्याच दिवशी सापडलेला अशनी हा दुर्मिळ कार्बनयुक्त प्रकारचा निघाला.

कृत्रिम वस्तूंशी गल्लत : निकामी उपग्रह व अग्निबाणांचे टप्पे वातावरणात परत येतानाही अग्निगोलासारखे दिसतात. त्यांचा वेग सेकंदास ७ ते ८ किमी. म्हणजे उल्कांहून कमी असतो; ते जवळजवळ क्षितिजसमांतर जातात, एक मिनिट वा अधिक काळ दिसतात व त्यांचे अनेक तुकडे एका रांगेत सरकताना आढळतात. २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याच्या रात्री महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात येथे दिसलेली तेजस्वी रांग प्रथम उल्कावर्षाव समजली गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्यानंतर सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे व एक धातूचा गोळा सापडला. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे तज्ञांचे मत आहे. अशा वस्तूंत विषारी इंधनाचा अंश असू शकतो म्हणून त्यांना स्पर्श करू नये.

काल व संभव : मध्यरात्रीनंतर निरीक्षक पृथ्वीच्या गतीच्या दिशेस तोंड करून असल्याने अधिक व वेगवान उल्का दिसतात; सायंकाळी येणारे पिंड पृथ्वीस मागून गाठणारे, म्हणून मंदगती असतात व ते जमिनीपर्यंत टिकण्याचा संभव अधिक असतो. एंके धूमकेतूशी संबंधित वृषभ उल्कावर्षाव ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरमध्ये तेजस्वी अग्निगोलांसाठी प्रसिद्ध आहे. ऑगस्टमधील ययाती वर्षाव महाराष्ट्रात बहुधा पावसाळी ढगांआड जातो. १३–१४ डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन वर्षाव मात्र निरभ्र आकाशात पाहता येतो.

धोका : बहुतेक अग्निगोल पूर्णपणे निरुपद्रवी असतात. फार मोठा पिंड आल्यास खरा धोका दगडापेक्षा आघात तरंगांचा असतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मी. व्यासाचा पिंड सेकंदास १९ किमी. वेगाने येऊन ३० किमी.च्या सुमारास उंचीवर फुटला. प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी आले. दोन मिनिटांहून थोड्या अधिक अवधीने आघात तरंग पोहोचले व तावदाने फुटली. जखमी झालेल्या सुमारे १,५०० लोकांपैकी बहुतेकांना काचांमुळे इजा झाली. यास्तव डोळे दिपविणारा अग्निगोल दिसल्यास काही मिनिटे काचेच्या खिडकीपासून दूर राहावे. उघड्यावर असल्यास वर सांगितलेली नोंद करीत आवाजाची वाट पाहावी.

अशनी सापडल्यास तो धुऊ, घासू किंवा फोडू नये. हात न लावता त्याचे छायाचित्र व जागेची नोंद घ्यावी आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. भारतात पडलेल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह ही संस्था कोलकाता येथे सांभाळते.